जानेवारीतली बाई

आमच्या लेकीने काढलेल्या कॅलेंडरमध्ये नोव्हेंबर महिन्यात माझा नवरा आहे. फुलाफुलांचा एप्रन, एका हातात उलथनं, दुसरा हात कमरेवर, एक पाय मागे किंचित उचललेला आणि चेहऱ्यावर ‘अय्या, तुम्ही कधी आलात?’ असा भाव. साठीला टेकलेला, टक्कल पडलेला, नागपूरचा गडी. चित्र इतकं फर्मास जमलंय की बघणारा आधी हसतो आणि मग त्याच्या प्रेमातच पडतो. मीही पडले. पण त्याआधी मला जो राग आला होता तो सांगितला पाहिजे, कारण ते चित्र पूर्ण झालं तेव्हा त्या कॅलेंडरमध्ये मी कुठेच नव्हते.

घरकाम करणाऱ्या माणसांचं कॅलेंडर होतं ते. इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या काकू होत्या. बाप होता. आई नव्हती. आणि हे आमच्या लेकीला जराही विचित्र वाटत नव्हतं.

या सगळ्याचं मूळ आमच्या तळघरात आहे. शिकागोजवळच्या शॉमबर्गमधलं हे घर आम्ही एका म्हाताऱ्या अमेरिकन गृहस्थांकडून घेतलं. बायको गेल्यावर ते मुलाकडे ॲरिझोनाला निघाले होते. जाताना तळघरातलं सुतारकामाचं जाड टेबल इथेच ठेवू का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ठेवा. मग टेबलाच्या वर खिळ्याला लटकलेल्या जुन्या कॅलेंडरकडे त्यांनी पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि कानापर्यंत लाल झाले. मी म्हटलं, तेही राहू द्या.

कॅलेंडर पन्नासच्या दशकातलं. तारखांची पानं केव्हाच फाटून गेली होती, खाली हत्यारांच्या दुकानाची जाहिरात आणि वर चित्र तेवढं शिल्लक होतं. परसात कपडे वाळत घालणारी एक बाई. वाऱ्याने तिचा झगा उडालाय, एका हाताने तिने चादर धरलीय, दुसऱ्या हाताने झगा. गवतात उंच टाचांचे लाल बूट. एप्रन एवढासा, की त्याला धड एक टोमॅटोसुद्धा पुसता आला नसता. आणि ओठांचा चंबू करून ती आपल्याकडे बघतेय, जणू आपणच तिला नको त्या वेळी गाठलं. लेक पुढे मोठी होऊन चित्रकलेच्या कॉलेजात गेली तेव्हा तिने मला सांगितलं की याला पिन-अप म्हणतात. त्या काळात गॅरेजमध्ये, कारखान्यांत, सैनिकांच्या पेटीच्या झाकणावर अशा बायका लावलेल्या असायच्या. कुणी पडदे लावायला शिडीवर चढलेली, कुणी व्हॅक्यूम क्लीनरच्या वायरीत अडकलेली, कुणी केक करपवून बसलेली. घरकाम नावाला, बाकी सगळं बघणाऱ्यासाठी.

ती बाई मी तशीच ठेवली, कारण तळघर माझं होतं. ते टेबल माझं, नटबोल्टचे पाने माझे, ड्रिल माझं. मी खाली नळाचा वॉशर कापत असे आणि ती वर कपडे वाळत घालत असे. इतक्या वर्षांत तिचे कपडे काही वाळले नाहीत.

सासूबाई पहिल्यांदा इथे यायच्या होत्या तेव्हा नवऱ्याची मात्र पाचावर धारण बसली. ‘ते काढून टाक ना यार, आई काय म्हणेल!’ मी काढलं नाही. शेवटी त्याने त्याच खिळ्यावर, त्या बाईच्या पुढे, मंडळाचं गणपतीचं कॅलेंडर टांगलं. सासूबाई एक दिवस तांदूळ काढायला खाली गेल्या. पुढच्या महिन्यातली चतुर्थी बघायला त्यांनी पान उलटलं आणि गणपती खिळ्यावरून निसटून त्यांच्या हातात आला. आम्ही दोघं जिन्यात श्वास रोखून उभे. सासूबाईंनी चष्मा सारखा करून चित्र नीट पाहिलं.

‘एवढं नटून धुणं वाळत घालतेय,’ त्या म्हणाल्या, ‘म्हणजे घरी मोलकरीण असणार.’

मग म्हणाल्या, ‘सर्दी होईल गं हिला,’ आणि तांदूळ घेऊन वर गेल्या. त्या दिवसापासून सासूबाईंबद्दलचा माझा आदर वाढला. स्वयंपाकघरातल्या परिस्थितीबद्दलही त्या मला कधी काही बोलल्या नाहीत. ती परिस्थिती अशी होती की पोळ्या त्यांचा मुलगा करत होता.

तेही सांगते. अमेरिकेला आले ती मी. प्रोग्रामर म्हणून व्हिसा मला मिळाला होता, नवरा माझ्या मागून माझ्या व्हिसावर आला, आणि त्या व्हिसावर त्याला नोकरी करायला बंदी होती. नागपुरात बँकेत अधिकारी असलेला माणूस शिकागोच्या थंडीत एका अपार्टमेंटमध्ये दिवसभर बसून काय करणार? आधी भात करपवला, मग वरण जमलं, मग भाज्या, आणि दुसरा हिवाळा संपेपर्यंत त्याच्या पोळ्या माझ्या पोळ्यांपेक्षा मऊ व्हायला लागल्या. हे फार अवघड नव्हतं. पुढे लेक झाली, ग्रीन कार्ड आलं, तो एका टॅक्सच्या ऑफिसात लागला, पण स्वयंपाकघर त्याच्याकडेच राहिलं, कारण त्याला ते आवडत होतं आणि मला नव्हतं. लेकीचा डबा, तिच्या वेण्या, दिवाळीची चकली, सगळं त्याचं.

मंडळात याची चर्चा होणारच होती. बायका माझ्या तोंडावर म्हणायच्या, ‘तुझं बरं आहे बाई!’ माझी पाठ वळली की म्हणायच्या, ‘हुशार आहे हो, पण संसार त्यानेच केला.’ पाठीमागे बोललेलं आपल्यापर्यंत पोचवणाऱ्या मैत्रिणी जगात सगळीकडे असतात, तशा शॉमबर्गमध्येही आहेत. मी हसण्यावारी न्यायचे. पण ते वाक्य मला लागायचं, आणि वर्षं गेली तशी त्याची सवय होण्याऐवजी ते जास्तच लागायला लागलं.

आता लेकीच्या कॅलेंडरकडे येते. ती इलस्ट्रेटर आहे, शिकागोत एका जाहिरात कंपनीत काम करते, आणि शनिवार-रविवारी स्वतःची चित्रं काढते. गेल्या वर्षी उन्हाळ्यात तिच्या डोक्यात आलं की त्या जुन्या पिन-अपच्याच रंगांत, त्याच ढंगात, आपल्या ओळखीच्या खऱ्या बायका खरंखुरं घरकाम करताना काढायच्या. बारा महिने, बारा चित्रं. तळघरातल्या त्या बाईला पाहत लहानाची मोठी झालेल्या मुलीला हे सुचणं साहजिकच होतं. मंडळातल्या काकूंना तिने ग्रुपवर मेसेज केला. घरी काम करताना असता तश्शाच या, घरच्या कपड्यांत, नो मेकअप प्लीज.

ठरलेल्या शनिवारी माझ्या दिवाणखान्यात चार पैठण्या, दोन नारायणपेठी, एक इरकल आणि मोजता येणार नाहीत इतक्या नथी जमल्या. एक काकू डेव्हन अव्हेन्यूवरच्या देशी दुकानातून गजरे घेऊन आली होती, सगळ्यांना पुरतील इतके. एकीने घरून प्रेशर कुकर आणला होता, घासूनपुसून आरशासारखा केलेला. फोटो काढायचाय म्हटल्यावर घरच्या गाऊनमध्ये कोण येणार?

लेक स्वयंपाकघरात येऊन डोकं धरून उभी राहिली. ‘आई, आय सेड नॉर्मल! हे काय आहे? माझा पूर्ण प्रोजेक्ट गेला.’

‘फोटो म्हटल्यावर आमच्यात हेच नॉर्मल,’ मी म्हटलं.

तिने दारातून पुन्हा बाहेर पाहिलं. हिरव्या पैठणीवर गुलाबी रबरी हातमोजे चढवून, नाकातली नथ सांभाळत एक काकू आमची कढई घासायला लागली होती आणि मान वळवून कॅमेऱ्याची वाट बघत होती. लेक बघत राहिली. मग हसायला लागली. हसता हसता म्हणाली, ‘आई, दीज आर द रेड शूज.’

अगदी खरं होतं ते. लाल टाचांच्या बुटांत कपडे वाळत घालणारी ती बाई आणि नथ घालून कढई घासणारी ही काकू, दोघी सख्ख्या बहिणी शोभल्या असत्या. फरक एवढाच की काकू कुणाच्या सांगण्यावरून नटली नव्हती. स्वतःच्या कामाच्या मानासाठी नटली होती. आणि कढई खरोखर लख्ख निघाली. त्या दिवशी लेकीने पैठण्यांवर ताव मारला. कुकरची शिट्टी उचलणारी, झाडू मारणारी, शिडीवर चढून तोरण बांधणारी, पापड वाळत घालणारी. सगळ्या काकू मान वळवून, ओठांचा चंबू करून उभ्या राहिल्या आणि शाळेच्या सहलीला आल्यासारख्या खिदळल्या. मी त्यांना चहा दिला. चहा नवऱ्याने केला होता.

पुढच्या आठवड्यात लेकीने बापाला बोलावलं. हिशोब साधा होता. विषय घरकाम आहे, आणि आमच्या घरात घरकाम बाबा करतो. तो एप्रन घालून असा काही लाजला की चित्रातला भाव त्याला करावाच लागला नाही. मी बाजूला दिवा धरून उभी होते.

दिवा खाली ठेवल्यावर मी सहज विचारल्यासारखं विचारलं, ‘मग मी कधी यायचं?’

‘यायचं म्हणजे?’

‘फोटोला.’

ती लॅपटॉपमध्ये बघत होती. मान वर न करता म्हणाली, ‘पण तुझा काय सीन करणार, आई? यू नेव्हर रिअली डिड दॅट स्टफ.’

तिच्या आवाजात दुष्टपणा नव्हता. आज ढग आहेत, असं म्हणावं इतकं सरळ ती म्हणाली. म्हणूनच मला ते जास्त लागलं. मंडळातल्या बायका म्हणत होत्या तोवर उचलली जीभ लावली टाळ्याला, असं म्हणून मी सोडून देत होते. पण पोटच्या पोरीच्या डोळ्यांतसुद्धा मी या घरात काही केलं नव्हतं. घरात राहणारी, पगार आणणारी, हुशार बाई. पाहुणीच की मग.

मीही काही गप्प बसणाऱ्यातली नाही. पुढच्या रविवारी ती येणार होती तेव्हा मी इरकल नेसले, पदर खोचला, पोळपाट-लाटणं घेतलं आणि गॅससमोर उभी राहिले. मान वळवली. ओठांचा चंबू केला. पोळपाटावर माझी पोळी ऑस्ट्रेलियाच्या नकाशाच्या दिशेने निघाली होती. नवरा मागे उभा राहून कळवळत होता, कारण कणीक त्याने मळली होती आणि तिचे हाल त्याला बघवत नव्हते.

लेक आली, दारात थांबली, आणि म्हणाली, ‘आई, तू फेक करतेयस.’

‘आणि तुझी ती तळघरातली? ती खरं करतेय का? तिने आयुष्यात एक तरी चादर पिळली असेल का?’

लेकीने यावर विचार केला. ती भांडतानाही विचार करते, हा गुण तिने बापाचा घेतलाय. ‘ती अनोळखी माणसांसाठी फेक करतेय,’ ती म्हणाली. ‘तू माझ्यासमोर करतेयस. मला माहितीये ना, आई.’

मी लाटणं ठेवलं, तळघरात गेले आणि काही कारण नसताना पान्यांचा डबा आवरत बसले. वर नवरा ती पोळी भाजत होता, वास येत होता. समोर ती बाई चादर धरून उभी. तिला मी मोठ्याने म्हटलं, ‘तुझं बरं आहे बाई!’ आणि मग मला रडू आलं, ते कुणाला दिसलं नाही.

संक्रांतीचं हळदीकुंकू दर वर्षी आमच्या घरी असतं. संक्रांतीनंतरच्या शनिवारी, दुपारी चार वाजता, बर्फ असो की ऊन. तिळगूळ आणि गूळपोळ्या नवरा करतो, वाणाच्या वस्तू मी आणते. या जानेवारीत लेकही आदल्या दिवशीच येऊन राहिली होती. सकाळी उठून पाहिलं तर अंगण, रस्ता, टपालपेटी, सगळं पांढरं आणि बर्फ चालूच. दुपारी तो थांबला तेव्हा गावाचा बर्फ सारणारा नांगर रस्ता साफ करून गेला, आणि जाताना नेहमीसारखा आमच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी मांडीइतका उंच ढिगारा करून गेला. फोन सुरू झाले. ‘कॅन्सल केलं का गं?’ ‘ड्राइव्ह करू का नको?’ मी सगळ्यांना सांगितलं, माझ्या घरचं हळदीकुंकू कॅन्सल होत नसतं. या.

मी तोवर काळी नऊवारी चंद्रकळा नेसून तयार होते. कपडे बदलायला वेळ नव्हता आणि बदलणारही नव्हते, ती चंद्रकळा नीट नेसायला मला अर्धा तास लागला होता. साडी गुडघ्यापर्यंत वर घेऊन ओचा घट्ट खोचला, पायांत बर्फाचे मोठे बूट घातले, वर नवऱ्याचं नारिंगी जाकीट चढवलं आणि गॅरेजचं दार उघडलं. नवऱ्याला थंडीत दमा होतो. या घरातला बर्फ पहिल्या हिवाळ्यापासून माझाच.

स्नोब्लोअरची, म्हणजे बर्फ उडवणाऱ्या मशीनची, दोरी ओढली. घुर्र करून गप्प. पुन्हा ओढली, पुन्हा गप्प. मशीन हटून बसलं की त्याला रागावून उपयोग नसतो, हे मी नवऱ्यापेक्षा मशीनकडून शिकले. तळघरातून पाना आणि नवा स्पार्क प्लग आणला, जुना काढला, नवा बसवला. ओढलं. मशीन असं गरजलं की शेजारच्या घरातला कुत्रा भुंकायला लागला. आणि मी निघाले.

हे काम मला आवडतं. कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. पांढऱ्या रानात आपल्या मागे एक काळी, स्वच्छ पट्टी उमटत जाते आणि केलेलं काम डोळ्यांना दिसतं. पहिल्या दोन पट्ट्यांतच मला घाम फुटला. जाकीट काढून टपालपेटीवर टाकलं आणि ढिगाऱ्याला भिडले. नेमका तेव्हाच वारा फिरला. मशीनने उडवलेला बर्फाचा अख्खा फवारा उलटा माझ्या तोंडावर आला, खोचलेला पदर सुटून निशाणासारखा उडाला, एक हात मशीनवर ठेवून दुसऱ्या हाताने मी पदर पकडला, एक पाय घसरून मागे वर गेला आणि तोंडातून निघालं, ‘अगं बाई!’

समोर लेक उभी होती. मला हाक मारायला आली होती, हातात माझी कानटोपी होती.

‘आई,’ ती म्हणाली, ‘डोन्ट मूव्ह.’

‘डोन्ट मूव्ह काय! चार वाजत आले. गाडी मागे घे, मला ती बाजू काढायचीय.’

‘आई, प्लीज. वन सेकंद.’ तिने फोन काढला. मी तिच्यासाठी थांबले नाही, मशीन थांबवलं तर पुन्हा चालू होईल याची खात्री नव्हती म्हणून एका जागी होते. तिने फोटो काढले. मग फोन खिशात ठेवला आणि तशीच उभी राहिली, टोपी छातीशी धरून.

‘हे तू नेहमीच करायचीस,’ ती म्हणाली.

‘मग काय, बर्फ आपला आपण उठून जायचा?’

‘मला वाटायचं...’ ती थांबली. पुढचं मराठीत बोलली, अडखळत बोलली, पण मराठीत बोलली. ‘मला काहीच वाटायचं नाही गं. मी उठायचे तेव्हा ड्राइव्हवे साफ असायचा. हीटर चालू असायचा. माझ्या बाथरूमचा नळ गळायचा आणि मग गळायचा नाही. मला वाटायचं ते असंच असतं.’

‘असंच नसतं,’ मी म्हटलं.

‘हे घरकामच आहे ना, आई?’

‘नाहीतर इतकी वर्षं मी काय पिकनिक करत होते?’

मला वाटलं होतं हे वाक्य रागाने येईल. ते आलं तेव्हा माझा आवाज हलला. लेकीने कानटोपी माझ्या डोक्यात घातली, दोन्ही कानांवरून नीट खाली ओढली, लहानपणी मी तिला घालायचे तशी. मग गाडी मागे घेतली, फावडं उचललं आणि पायऱ्यांना लागली.

काकू आल्या. पैठण्या वर धरून, पायांत बर्फाचे बूट, चपला पिशवीत. ड्राइव्हवेवर मीठ टाकलेलं होतं, कुणाचा पाय घसरला नाही. पहिलीच काकू आत शिरता शिरता कौतुकाने माझ्या नवऱ्याकडे वळली. ‘रस्ता काय सुरेख केलायत हो! एवढा स्वयंपाक करून वर हेही?’

नवरा तोंड उघडणार इतक्यात लेक स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, ‘नाही काकू. आईने केला. नेहमी आईच करते.’ इंग्रजीचा एक शब्द न घालता. काकूने माझ्या साडीच्या ओल्या काठाकडे पाहिलं. मी तिला हळदीकुंकू लावलं, तिळगूळ हातावर ठेवला आणि म्हटलं, ‘गोड बोला.’

कॅलेंडरमधला जानेवारी अजून रिकामा होता, कारण ठरलेली काकू पुण्याला गेली ती तिकडेच रमली. लेकीने वसंतात ते चित्र पूर्ण केलं आणि मला दाखवायला आणलं. निळं, फार निळं आकाश. काळी चंद्रकळा वर खोचलेली, पोटऱ्यांखाली ते अवजड बूट, लाल रंगवलेले. उडालेला पदर. मागे बर्फाचा फवारा. आणि ओठांचा चंबू. माझ्या कपाळावरचे पांढरे केस होते, कमरेवरची वळी होती.

‘पोटऱ्या दाखवायलाच हव्या होत्या का?’

‘नऊवारीत दिसतातच की, आई.’

‘आणि ही वळी?’

‘ती खरी आहे.’ मग हसून म्हणाली, ‘बूट फक्त मी लाल केले. बाकी सगळं तू केलंयस.’

नवरा चष्मा लावून चित्राजवळ गेला, लांब गेला, पुन्हा जवळ आला. मग माझ्याकडे वळून गंभीरपणे म्हणाला, ‘माझ्यापेक्षा बरी दिसतेयस.’ त्याला त्याच्या नोव्हेंबरचा फार अभिमान आहे, त्यामुळे ही मोठीच कबुली होती.

उन्हाळ्याच्या शेवटी गावच्या लायब्ररीच्या हॉलमध्ये ती बाराही चित्रं लागली. शेजाऱ्यांपासून लेकीच्या ऑफिसातल्या मुलांपर्यंत सगळे आले. तळघरातली मूळ बाईसुद्धा काचेत घालून दाराशी लावली होती. खिळ्यावरून एवढ्या वर्षांनी उतरून ती पहिल्यांदाच बाहेर पडली होती. मंडळ झाडून हजर होतं, पुन्हा पैठण्यांमध्ये. प्रत्येक काकू आपापल्या महिन्यासमोर उभी राहून फोटो काढून घेत होती. कुकरवाली एका अमेरिकन बाईला शिट्ट्यांचं शास्त्र समजावत होती. मला त्या सगळ्यांचा अभिमान वाटत होता. भिंतीवर अशा दिमाखात राहायचा आमचा हक्क होता आणि आम्ही तो बजावत होतो.

मी मुद्दाम माझ्या चित्रापासून लांब, सरबताच्या टेबलापाशी थांबले. लांबून दिसलं की काकूंचा घोळका जानेवारीपाशी पोचलाय. ‘पोटऱ्या बघ!’ झालं. ‘चंद्रकळा कुठून घेतली गं?’ झालं. मग पहिलीच काकू, तीच, ड्राइव्हवेचं कौतुक करणारी, चित्राखालची पट्टी वाचायला वाकली. बाकीच्या चित्रांखाली लेकीने इंग्रजीत छापील नावं लावली होती. माझ्याखाली मात्र तिच्या स्वतःच्या हाताने, शाळकरी, जाड्या देवनागरीत लिहिलेली पट्टी होती. ती मला आधी कुणी दाखवली नव्हती.

काकूने ती मोठ्याने वाचली, मागच्यांनाही ऐकू जाईल अशी.

‘माझी आई, संसार करताना.’

मी कान टवकारून उभी होते, हातातला ग्लास तसाच. या वाक्यापुढे कुणीतरी एखादा ‘पण’ जोडणार, इतक्या वर्षांची सवय होती मला. काकू पट्टीकडे बघत राहिली, मग चित्राकडे, मग मान वळवून तिने मला गर्दीत शोधलं. आणि नुसतंच म्हणाली, ‘हो.’